गावची वाट आणि सात जणांची गाडी

कल्याणहून मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावी जायची वाट सगळ्या कोकणवासी बांधवांच्या ओळखीची आहे. शिळफाटा, कळंबोली, पनवेल, मग कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे आणि महाड. पनवेलपासून महाड साधारण १३० किलोमीटर. अंतर काही फार नाही, पण या वाटेने किती पिढ्यांचा जीव खाल्ला ते मोजता येणार नाही. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. तेव्हा आमची थोरली कन्या अंगणवाडीतही नव्हती, आज ती बारावीला आहे.

एरवी आम्ही एस.टी.ने जाणारी माणसे. २०२५ च्या मे महिन्यात आणि पुन्हा दिवाळीच्या सुट्टीत मात्र भाड्याची गाडी केली, आणि दोन्ही वेळा मुद्दाम वेगवेगळ्या जातीची केली. कारण घरात गाडी घेण्याचे घाटत होते. एकत्र कुटुंब. आमच्या मातोश्री, आम्ही उभयता, दोन मुले, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा. नववे माणूस यायचे आहे. भावाचे म्हणणे, जीपच्या घराण्यातली उंच दणकट गाडी घ्यावी. आमच्या सौ.चे म्हणणे, व्हॅनच्या घराण्यातली लांब आणि बुटकी घ्यावी. भाऊ एका कंत्राटदाराकडे कामगारांची बस चालवतो, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन. सौ.च्या शब्दाला किती वजन असते ते वाचकांना वेगळे सांगायला नको. भाड्याने केलेल्या गाड्यांची नावे मी येथे सांगत नाही. कुणाची जाहिरात नको आणि बदनामीही नको.

पहिली गोष्ट, जी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सात आसनी गाडी म्हणजे चालक धरून सात. भाड्याच्या गाडीत घरची माणसे सहाच बसतात. पूर्वी गावच्या वडापात पायदानावर उभी धरून सोळा-सोळा माणसे जात, लेकरू मांडीवर आणि कोंबडी पायाशी. तो हिशेब आता मनातून काढून टाकलेला बरा. त्यामुळे दोन्ही वेळा भाऊ आणि आमचे चिरंजीव एस.टी.ने पुढे गेले, आणि गाडीत आई, सौ., मी, कन्या, भावजय आणि पुतण्या.

मे महिन्यात व्हॅन घराण्यातली गाडी. दार उघडले की बसण्याची जागा बरोबर कमरेच्या उंचीवर. आईला शहात्तरावे वर्ष लागले आहे आणि दोन्ही गुडघे गेलेले आहेत. ती आधी टेकली, मग एकेक पाय आत घेतला, आणि कुणाचा हात न धरता बसली. पाच वर्षांत ती गावी गेली नव्हती ती केवळ एस.टी.च्या पायऱ्यांपायी. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे, महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. सरकारने भाडे माफ केले, पण पायरीची उंची होती तिथेच राहिली. मोफतचा पास असलेली म्हातारी घरी बसून.

मागच्या सीटवर, म्हणजे तिसऱ्या रांगेत, भावजय आणि कन्या. त्यांना कुणी तसे सांगितले नव्हते. सामान भरून होईपर्यंत दोघी आपणहून आत सरकून बसल्याच होत्या. मधली सीट पुढे दुमडायची, त्या फटीतून वाकून शिरायचे, गुडघे छातीशी घेऊन बसायचे. छतातून येणारा गार वारा मधल्या रांगेवरच संपतो. कोलाडला भावजयीने गाडी थांबवायला सांगितले आणि रस्त्याच्या कडेला तिला उलटी झाली. तेव्हा सौ. म्हणाल्या, "गाडी बघायला जाणारे सगळे पुढे बसून बघतात. मागे कुणी बसून बघत नाही." पुढे मी त्यांना मधल्या रांगेत घेतले आणि स्वतः मागे गेलो. इंदापूर ते महाड दोन तास लागले, कारण माणगावात वाहनांची रांग लागली होती. (पोरांना दरवेळी सांगावे लागते की १९२० ची परिषद झाली ते माणगाव हे नव्हे, ते कोल्हापूरकडचे.) त्या दोन तासांत मला तिसऱ्या रांगेचे जेवढे ज्ञान झाले तेवढे कुठल्या माहितीपत्रकात मिळाले नसते. पाय सरळ होत नाहीत, खिडकी उघडत नाही, आणि मागच्या चाकाचा प्रत्येक दणका थेट मणक्यात येतो.

महाडला चवदार तळ्यावर थांबलो. आई आपली आपण उतरली, पायऱ्यांपाशी कठड्याला धरून उभी राहिली. तिचे वडील २० मार्च १९२७ ला लहान होते, तरी त्या दिवसाच्या गोष्टी तिने त्यांच्या तोंडून ऐकलेल्या. बराच वेळ ती तेथून हलेना. चालक घड्याळ पाहू लागला, तरी आम्ही तिला घाई केली नाही.

महाडच्या पुढे राजेवाडी फाट्याला मंडणगडकडे वळायचे. तेथे जवळच सावित्रीचा पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. आमच्याकडची माणसे अजूनही त्या पुलावर आली की बोलायची थांबतात.

खरी परीक्षा शेवटच्या अर्ध्या किलोमीटरची. डांबरी रस्ता संपतो आणि आमच्या वाडीचा जांभ्या दगडाचा चढ लागतो. वरून सुटी खडी. गाडी अर्ध्यावर गेली आणि पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली. भावाने हे आधीच सांगितले होते. या घराण्यातल्या बहुतेक गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना असते. सात माणसे आणि सामान भरले की भार मागे पडतो, चढावर आणखी मागे जातो, आणि पुढची चाके हलकी होऊन घसरतात. जीपची ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे भार जितका मागे तितकी पकड चांगली. आम्ही सगळे उतरलो. आई मात्र बसून राहिली. पिशव्या डोक्यावर घेऊन आम्ही चालत वर गेलो आणि हलकी झालेली गाडी आईला घेऊन दुसऱ्या झटक्यात चढली. अंगणात आमच्या मामांनी, म्हणजे आईच्या भावाने, तिला गाडीतून उतरताना पाहिले. दोघेही काही बोलले नाहीत. मामांनी ओट्यावरची चटई झटकली.

दिवाळीच्या सुट्टीत उंच गाडी. पावसाने तोच चढ धुऊन गेला होता, मधोमध घळ पडलेली. गाडी एकदाही न थांबता, माणसे-सामानासह वर. चिरंजीव आदल्या दिवशीच पोचले होते, ते वरून टाळ्या वाजवत होते. तेथे मीही मनातून भावाच्या बाजूने झालो.

पण तो अर्धा किलोमीटर झाला. त्याच्या आधीचा सगळा रस्ता? कल्याणला आईला चढवायला प्लास्टिकचे स्टूल आणावे लागले, त्यावर ती उभी, मी खालून धरलेली, सौ. आतून ओढतात, आणि सोसायटीतली माणसे पाहतात. मागे आडव्या सीटा, समोरासमोर. तेथे मी आणि कन्या, गुडघ्याला गुडघा लागलेला. माणूस आडवा बसला की वळणावर पोट एकीकडे आणि डोके दुसरीकडे जाते. भावजयीला दिवस गेलेले, तिला तेथे बसवण्याचा प्रश्नच नव्हता. आणि महाडला गाडी थांबली तेव्हा आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी बसते." पुन्हा उतरायचे आणि पुन्हा त्या स्टुलावर चढायचे, एवढे तिला नको होते. आम्ही तळ्यावर जाऊन आलो. ती काचेतून बघत होती.

आता थोडा हिशेबाचा भाग, कारण मी वाणिज्य शाखेचा माणूस.

बाजारात या दोन घराण्यांच्या सात आसनी गाड्या पुष्कळ आहेत. जीपच्या बाजूला बोलेरो २००० सालापासून आहे, नाशिकला तयार होते. सुमो १९९४ ला आली आणि २०१९ ला बंद झाली. व्हॅनच्या बाजूला ओम्नी १९८४ ची, तीही २०१९ ला बंद झाली. तिच्या जागी इको २०१० पासून, अर्टिगा २०१२ पासून, ट्रायबर २०१९ पासून. सरकता दरवाजा हा इकोचा मोठा गुण, आणि तिची ताकदही मागच्या चाकांना असते. पण ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ साली धडक देऊन पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. पुढे २०२५ साली कंपनीने तिला सहा एअरबॅगा दिल्या आणि सातऐवजी सहा आसने केली. अर्टिगाला त्याच संस्थेच्या २०१९ च्या चाचणीत तीन तारे, ट्रायबरला २०२१ मध्ये मोठ्या माणसांसाठी चार. बोलेरोच्याच घरातल्या निओला २०२४ मध्ये एक. गाडी उंच आणि पत्रा जाड म्हणजे माणूस सुरक्षित, हा आपल्याकडचा समज आहे. ताऱ्यांकडे पाहिले तर तो टिकत नाही.

कराचे गणितही गमतीचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोलचे इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचे १५०० सीसीपर्यंत असेल तर जी.एस.टी. १८ टक्के. त्यापेक्षा मोठी असेल तर ४० टक्के. म्हणजे बोलेरो आणि ट्रायबर १८ मध्ये, आणि घरची सात माणसे नेणारी लांब अर्टिगा ४० मध्ये. मोठे कुटुंब ही चैन समजली गेली की काय, असे सौ. विचारतात. टोलला मात्र कार, जीप, व्हॅन सगळे एकाच दरात. राष्ट्रीय महामार्गांसाठी २०० फेऱ्यांचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला ३००० रुपयांत निघाला, पण वर्षातून तीनदा गावी जाणाऱ्याला तो घेऊन काय करायचे?

सी.एन.जी.चा मोह आम्हालाही झाला. पण टाकी मागे डिकीत येते. आधीच तिसरी रांग उघडली की दोन-तीन पिशव्यांपुरती जागा उरते. येताना तांदळाचे पोते, आमसुले, सुके मासे आणि एक फणस यायचाच. फणस आत ठेवून काचा लावलेल्या गाडीत पाच तास बसून पाहावे, मग सी.एन.जी.ची बचत किती महाग पडते ते कळते.

दिवाळीहून परतल्यावर रात्री जेवणे झाली आणि बोलणे निघाले. भावाने चढाचा मुद्दा सोडला नाही, आणि तो खोटाही नव्हता. सौ.नी कॅलेंडर काढले. तो चढ वर्षातून तीनदा. आईचा दवाखाना महिन्यातून दोनदा. भावजयीची तपासणी, पुढे बाळाचे डोस. लग्नकार्य, पुण्यानुमोदन, २० मार्च, १४ एप्रिल. या प्रत्येक वेळी चढणे-उतरणे आले. चढावर आपण उतरून चालू शकतो, आई स्टुलावर रोज चढू शकत नाही. भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बुटकी घ्या. पण नवी नको."

त्याप्रमाणे जुनी पेट्रोलची गाडी पाहणे चालू आहे, पतपेढीचा अर्ज भरून दिला आहे. भावाने एक सूचना दिली ती इतरांनाही उपयोगी पडेल. पिवळ्या पाटीवर भाड्याने पळालेल्या गाड्या पांढरी पाटी करून विकायला येतात. आर.सी. पुस्तकात आणि परिवहन खात्याच्या नोंदीत पहिल्या मालकापासून सगळे वाचावे, चकचकीत रंगाला भुलू नये.

दोन रविवार आम्ही भिवंडी आणि कल्याणच्या बाजूला गाड्या पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी विक्रेता माझ्यासाठी पुढचे दार उघडतो. सौ. सरळ मागे जातात, मधली सीट दुमडून तिसऱ्या रांगेत बसतात आणि मला सांगतात, "आता पाच मिनिटे चालवून दाखवायला सांगा." एका विक्रेत्याने विचारले, बाईंना मागे कशाला बसवता? त्याला उत्तर द्यायला त्या खाली उतरल्या नाहीत. आईला आम्ही पुढच्या रविवारी नेणार आहोत. स्टूल घरी ठेवून.