हे शहर, ते शहर

ल्यों शहरात क्रुआ-रूसच्या टेकडीवर सोमवार सोडून रोज सकाळी भाजीबाजार भरतो. पहिले सहा महिने मी तिथे एका बोटावर निभावले. बोट टोमॅटोकडे, बोट कांद्याकडे. भाजीवाली समजूतदार, तिने कधी व्याकरण विचारलं नाही.

मग संध्याकाळच्या फ्रेंच वर्गात नाव घातलं. ‘हा-ही’चा धडा आला तेव्हा मी मनातून खूश झाले. शेजारचा आयरिश मुलगा ‘टेबल बाई कशी?’ म्हणून हैराण होता. पण पलंग तो, खुर्ची ती आणि कपाट ते, हे जिला शाळेत जायच्या आधीच कळलं, तिला लिंगाचं भय कसलं? शिवाय फ्रेंचमध्ये नपुंसकलिंगच नाही, तेवढी मेहनत वाचली. पुल्लिंगी नामाआधी ‘स’, स्त्रीलिंगीआधी ‘सेत’, अनेकवचनात दोघांना मिळून ‘से’. पुल्लिंगी नाम स्वराने सुरू होत असेल तर त्यालाही ‘सेत’. म्हणजे झाड पुल्लिंगी असूनही ‘सेत आर्ब्र’. ऐकायला स्त्रीलिंगी ‘सेत’सारखंच, पण लिहिताना याची तीन अक्षरं, तिची पाच. ‘कोणता-कोणती’ची चार रूपं तर चार, पाच, सहा आणि सात अक्षरांची, आणि कानाला बहुतेक वेळा सगळी एकच: ‘केल’. वय विचारतानाही हाच ‘केल’ आणि वाजले किती हे विचारतानाही. आपण ‘किती’ विचारतो, हे ‘कोणतं वय’, ‘कोणता तास’ म्हणतात.

माझी ऐट फार टिकली नाही. लिंग असतं हे ठाऊक असणं वेगळं आणि कोणतं हे ठाऊक असणं वेगळं. टोमॅटो आपल्याकडे तो, इथे ती. चांदोबा तर जन्माचा मामा, आणि फ्रेंचमध्ये चंद्र स्त्रीलिंगी! ‘ही चंद्र’ म्हणताना मला अजून नात्यात काहीतरी घोळ घातल्यासारखं वाटतं. फरसबीने तर भर बाजारात फजिती केली. मी ऐटीत ‘सेझारिको’ मागितली. भाजीवाली हसली. ‘से आरिको’, मध्ये ‘झ’ नाही. शब्दाच्या सुरुवातीला एक ‘ह’ आहे, तो स्वतः उच्चारला जात नाही, पण शेजारच्या शब्दाला आत येऊ देत नाही. (ही चूक फ्रेंच लोकही सर्रास करतात, हे नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.)

खरी पंचाईत अंतराची. आपला ‘हा’ हाताशी, ‘तो’ लांब. शब्दातच जवळ-दूर कळतं. फ्रेंचचा ‘स’ दोन्हींना चालतो. नेमकं सांगायचं तर नामाच्या शेपटीला ‘सी’ जोडायचा, म्हणजे जवळचं. ‘ला’ जोडला की लांबचं. त्यातही बोलताना लोक जवळच्या वस्तूलाही खुशाल ‘ला’ लावतात आणि बोट दाखवतात. म्हणजे माझी सहा महिन्यांची पद्धत अगदीच अडाणी नव्हती.

गेल्या महिन्यात ‘माझं शहर’ यावर दहा ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं: या शहरात दोन नद्या भेटतात. या शहरात तंबोरे बनतात. या शहराच्या टेकडीवर पूर्वी रेशमाचे माग खडखडत. या शहरात उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येतं. नद्या आणि माग ल्योंचे, तंबोरे आणि पाणी मिरजेचं. मराठीत लिहिलं असतं तर ‘हे’ आणि ‘ते’ यांनी आपसूक वाटणी केली असती. इथे दहाही ओळींत ‘सेत व्हील’. बाईंनी समासात लाल शाईने एवढंच लिहिलं: ‘केल व्हील?’ कोणतं शहर? सहा अक्षरांचा, स्त्रीलिंगी, एकवचनी ‘केल’.

घरी येऊन एकेका ओळीला ‘सी’ आणि ‘ला’ जोडत बसले. तंबोऱ्यांना ‘ला’, नद्यांना ‘सी’, भराभर झालं. सातव्या ओळीशी अडले. ‘या शहरात मला आता रस्ता विचारावा लागत नाही.’ लिहिताना कोणतं शहर मनात होतं, आठवेना.