ओसरीवरचें बोलणें

बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावर अंथुर्णें मागें टाकलें कीं शेळगांवचा फांटा लागतो. तुकोबांची पालखी पंढरपुरास जातांना याच रस्त्यानें निमगांव केतकीकडे वळते. एरवीं या वाटेवर उंसाच्या गाड्या आणि डाळिंबाच्या पेट्यांचे टेंपो. आमचें मूळ घर शेळगांवचें. कर्ते पुरुष दोन पिढ्यांमागेंच पुण्यामुंबईस गेले, तरी गौरी मात्र शेळगांवासच बसतात, आणि त्या तीन दिवसांत एकेका पंक्तीस तीस-पस्तीस पानें उठतात. अशा घरांत गुपित म्हणून कांहीं टिकत नाहीं. कोणाच्या मुलीस कोठलें स्थळ सांगून आलें, कोणाचा पगार किती वाढला, कोणाचें कोणाशीं बिनसलें, हें सर्व दुपारच्या पानसुपारीपर्यंत ओसरीवर येऊन पोंचतें. आम्ही याला आजवर आपुलकी म्हणत आलों.

२०२३ सालच्या गौरींत या आपुलकीनें आम्हांस खालीं पाहावयास लावलें, ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. सांगतांना संकोच वाटतो. पण आमच्यासारखीं घरें महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं कित्येकांतला एखादा मुलगा किंवा सून आज अशा ठिकाणीं कामास आहे कीं तेथली गोष्ट बाहेर जाणें देशास परवडणारें नाहीं.

त्या वर्षीं ओसरीवर बोलण्याचे विषय दोन होते. पहिला अभिमानाचा. २३ ऑगस्टला चांद्रयान चंद्रावर उतरलें होतें. आणि त्याला वर नेणाऱ्या अग्निबाणाच्या दोन्ही अंगांस जे प्रचंड बूस्टर असतात, प्रत्येकीं सुमारें दोनशें टन घन इंधन पोटांत घेणारे, त्यांच्या कवचांचे भाग आमच्या शेजारच्या वालचंदनगरास घडले होते. ज्या माळावर शेठ वालचंद हिराचंदांनीं उंसाचे मळे आणि साखरेचा कारखाना उभा केला, तेथलें पोलाद आकाशांत गेलें, या आनंदांत आमच्या थोरल्या बंधूंनीं दोन वेळां पेढे वांटले. दुसरा विषय कडू होता. त्याच वर्षीं ३ मे रोजीं राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानें पुण्याजवळील दिघीच्या संरक्षण-संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले प्रदीप कुरुलकर यांस १९२३ च्या सरकारी गुपितांच्या कायद्याखालीं अटक केली होती. पथकाचा आरोप असा कीं, इंग्लंडांत संगणकाचें काम करणारी झारा दासगुप्ता या नांवानें पाकिस्तानी हेरखात्याच्या हस्तकानें त्यांच्याशीं २०२२ सालीं संधान बांधलें, आणि गोड बोलून क्षेपणास्त्रांविषयींची माहिती काढली. हे आरोप आहेत. निवाडा करणें न्यायालयाचें काम, आमचें नव्हे. पण ओसरीवर निवाडा केव्हांच होऊन गेला होता. जो तो चेवानें बोलत होता. आम्ही तर सर्वांत मोठ्यानें.

आमचा पुतण्या, थोरल्या बंधूंचा मुलगा, तेवढा खांबाला टेकून निमूट बसला होता. तो एका सरकारी प्रयोगशाळेंत आहे. कोणत्या, तें येथें लिहीत नाहीं, आणि कां लिहीत नाहीं तें पुढें कळेल.

त्याच्या नोकरीचे नियम घरांत कोणास फारसे कधीं रुचले नव्हते. सकाळीं फाटकाशीं मोबाइल कुलुपांत ठेवावयाचा, तो संध्याकाळीं हातीं यावयाचा. घरीं कागद आणावयाचा नाहीं. ज्या संगणकावर काम, त्याचा बाहेरच्या जगाशीं तारेचाहि संबंध नाहीं. शेजारच्या खोलींतला मित्र काय करतो तें विचारावयाचें नाहीं, आणि त्यानेंहि विचारावयाचें नाहीं. ज्याला जेवढें लागतें तेवढेंच त्याला ठाऊक. परदेशस्थ माणसानें ओळख काढली तर वरिष्ठांस लेखी कळवावयाचें. आमच्या मातोश्री गेल्या त्या दिवशीं त्याचा मोबाइल असाच कुलुपांत होता, आणि आम्ही दोन तास तो लावीत बसलों. नातू उशिरां पोंचला. त्याबद्दल त्यास बोललेले शब्द आजहि आठवतात. ऑफिसचा दूरध्वनि-क्रमांक त्यानें घरच्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवला होता, हें तेराव्यानंतर लक्षांत आलें.

तर त्या दुपारीं आम्ही कुरुलकर-प्रकरणावर सपाटून बोलत असतां पुतण्यानें सहज विचारलें, “काका, कुलवृत्तांताचें काम कोठवर आलें?” शाळाखात्यांतून निवृत्त झाल्यावर घराण्याचा कुलवृत्तांत पुरा करण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें आहे. विषय आवडीचा निघाला म्हणून आम्हीं हौसेनें सांगितलें कीं, बडोद्यास गेलेल्या शाखेचा पत्ता अखेर लागला; त्या शाखेचे एक गृहस्थ इंग्लंडांत असतात, तीन महिन्यांपासून ई-मेलवर आणि व्हॉट्सॲपवर बोलणें चालू आहे, मोठा लाघवी माणूस, मराठी किती गोड लिहितो!

पुतण्याचा चेहरा बदलला नाहीं. त्यानें फक्त हात पुढें केला आणि आमचा मोबाइल मागितला. अर्धा तास तो तें सर्व वाचीत होता. आम्ही शेजारीं बसून तेंच पुन्हां त्याच्या डोळ्यांनीं वाचूं लागलों, तेव्हां कपाळावर घाम आला.

त्या गृहस्थांनीं गोत्र विचारलें होतें, कुलस्वामी विचारला होता, आणि मग हळूच घराण्यांत आज कोण काय करतो तें विचारलें होतें. आम्हीं सर्वांचें लिहिलें होतें, पुतण्याचें अधिक. त्याचा हुद्दा. कोणाच्या हाताखालीं आहे तें. तो वरचेवर ओरिसाकडे जातो, आणि परत येतांना मुलांसाठीं छेनापोड आणतो. गेल्या खेपेस अमुक आठवड्यांत गेला होता. (क्षेपणास्त्रांच्या चांचण्या ओरिसांत चांदीपूरच्या किनाऱ्यावर होतात, हें वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणासहि ठाऊक असतें. मिठाईवरून तारखा लावतां येतील, हें मात्र आमच्या डोक्यांत आलें नव्हतें.) आणि या सर्वांवर कळस म्हणजे, बढतींत त्याला डावलून दुसऱ्यास घेतलें, मुलगा मनांतून फार कष्टी आहे, हेंहि आम्हीं त्या परक्या माणसास, काळजीच्या सुरांत, सविस्तर लिहिलें होतें.

पुतण्या म्हणाला, “काका, यंत्राचे नकाशे मागणारा हेर फार पुढें येतो. आधीं जो येतो, त्याला एवढेंच हवें असतें: कोण कोठें आहे, केव्हां जातो-येतो, आणि कोणाचें मन दुखावलेलें आहे. तें शेवटचें सर्वांत महाग.”

आमच्या लहानपणीं या घरांत बाळाजीपंत नातूंचें नांव दांतओठ खाऊन घेतलें जाई. १८१७ सालीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लावणाऱ्या त्या गृहस्थास आमचे आजोबा ज्या शिव्या देत, त्या आम्हांस पाठ होत्या. एल्फिन्स्टनसाहेबास पुण्याच्या दरबारची बातमी लागे, ती वाड्याच्या तटाला शिडी लावून नव्हे; ती माणसांच्या तोंडून लागे, आणि बोलणाऱ्या सर्वांनाच आपण फितूर आहों असें वाटत असेल, असें नाहीं. कित्येक केवळ मोठेपणासाठीं बोलले असतील. त्या दुपारीं हा विचार मनांत आला आणि आजोबांच्या तसबिरीकडे पाहवेना.

खरें भांडण त्यानंतर झालें. पुतण्यानें सांगितलें कीं हें त्याला ऑफिसांत लिहून द्यावें लागेल. आमचें नांव, त्या गृहस्थाचें नांव, आणि सर्व पत्रव्यवहार. थोरले बंधू संतापले. सख्ख्या काकाचें नांव सरकारी चौकशींत? उद्यां पोलीस दारीं आले तर गांवांत तोंड कसें दाखवावें? मजकूर पुसून टाका, तो क्रमांक बंद करा, आणि विषय संपवा. खरें सांगावयाचें तर आमचीहि इच्छा तीच होती, आणि बोट त्या पुसण्याच्या खुणेवर गेलेंहि होतें. पुतण्या हात जोडून उभा राहिला, पण हटेना. तो म्हणाला, “बाबा, मीं लपविलें तर उद्यां त्या माणसाजवळ माझ्याविरुद्ध दोन गोष्टी होतील. एक काकांनीं सांगितलेली, आणि दुसरी मीं लपविलेली.”

तेव्हां थोरल्या वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत आल्या. त्यांचे हात पुरणाचे होते. त्या म्हणाल्या, “सोंवळ्यांत धक्का लागला तर आम्ही बायका काय करतों? सांगतों, आणि पुन्हां अंगावर पाणी घेतों. न सांगतां नैवेद्य करीत नाहीं. त्याला लिहूं द्या.” एवढें बोलून त्या आंत गेल्या, आणि पत्र त्याच रात्रीं लिहिलें गेलें.

वहिनींच्या या दृष्टान्तावर आम्हीं पुढें बराच विचार केला. प्रयोगशाळेच्या रक्षणाचे नियम सोंवळ्यासारखेच असतात. बाहेरच्यास ते हास्यास्पद वाटतात, आणि पाळणाऱ्यासहि कधीं कधीं जाच होतो. त्यांचा जीव कुलुपांत नसतो. लॉस अलामॉसला दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें अणुबाँब घडविला, तेथें गुप्ततेचा कडेलोट होता. सर्वांची पत्रें सान्ता फे गांवच्या टपालपेटी क्रमांक १६६३ या एकाच पत्त्यावर येत, आणि तेथें जन्मलेल्या मुलांच्या जन्माच्या दाखल्यावरहि तोच पेटीचा आंकडा. तरी क्लाउस फुक्स हा शास्त्रज्ञ बाँबाची माहिती रशियास पोंचवीत राहिला, आणि १९५० पर्यंत उघडकीस आला नाहीं. आयांना आपल्या तान्ह्या मुलाचें जन्मस्थान सांगण्याची बंदी होती. फुक्सवर मात्र सर्वांचा विश्वास होता.

आमच्या देशांतहि नियमाचें टोंक नेहमीं खालीं वळलेलें असतें. फाटकावरचा पहारेकरी शिपायाचा डबा उघडून पाहतो आणि साहेबांच्या मोटारीस सलाम ठोकतो. दिघीच्या प्रकरणांत न्यायालय काय ठरवील तें ठरवो. पण आरोप संस्थेच्या प्रमुखावर आहे, कारकुनावर नाहीं, एवढी एक गोष्ट नियम करणाऱ्यांनीं भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. ज्याला सर्व ठाऊक, त्याचाच मोबाइल आधीं कुलुपांत गेला पाहिजे. त्याच्या परदेशी ओळखी दुसऱ्या कोणीतरी पाहिल्या पाहिजेत, आणि त्यांत त्याला अपमान वाटतां कामा नये.

आणि सोंवळ्याची दुसरी बाजूहि आम्हां ब्राह्मणांइतकी कोणास ठाऊक असणार? नियम माणसाहून मोठा झाला कीं निरपराध मनुष्य अस्पर्श ठरतो. नंबी नारायणन हे अग्निबाणाच्या द्रव-इंधन इंजिनांचे मोठे जाणकार. १९९४ च्या नोव्हेंबरांत हेरगिरीच्या आळावर त्यांस केरळांत पकडलें. १९९६ सालीं केंद्रीय अन्वेषण खात्यानें सांगितलें कीं सर्व आरोप खोटे आहेत. सर्वोच्च न्यायालयानें पन्नास लाखांची भरपाई देवविली ती २०१८ सालीं. मधल्या चोवीस वर्षांत त्या घरांतल्या बायकामुलांनीं रस्त्यावर काय ऐकलें असेल, तें कोणी भरून द्यावें? म्हणून आम्हांस वाटतें, ज्या संस्थेंत लहानशी चूक सांगणाऱ्यास गुन्हेगार ठरवितात, तेथें चुका सांगितल्या जात नाहींत. त्या सांठतात, आणि परकी माणसें त्यांवर व्याज घेतात. पुतण्याच्या वरिष्ठांनीं त्याला त्या पत्राबद्दल रागें भरलें असतें, तर पुढचें पत्र त्या खोलींतून कोणीच लिहिलें नसतें.

रागें भरलें नाहीं. दसऱ्याच्या सुमारास एक मध्यम वयाचे गृहस्थ पुण्याच्या घरीं आले. चहा घेतला, कुलवृत्तांताची वही कुतूहलानें चाळली, आणि आम्हांस दहा-बारा प्रश्न विचारले. मजकूर पुसूं नका, उत्तर देऊं नका, एवढेंच सांगून गेले. आपण कोणत्या खात्याचे तें त्यांनीं आम्हांस ओळखपत्रासह दाखविलें होतें. तें आम्हीं या वेळीं कोणास सांगितलें नाहीं. इंग्लंडांतल्या गृहस्थांचे पुढें आणखी दोन संदेश आले, पहिला प्रकृतीची विचारपूस करणारा, दुसरा किंचित् रुसलेला. मग ते थांबले. ते खरेच आमचे भाऊबंद होते कीं काय, हें आम्हांस आजतागायत कळलेलें नाहीं. कुलवृत्तांतांत बडोद्याच्या शाखेचें पान कोरें ठेवलें आहे. तो मनुष्य खरा असेल, तर एका आप्तावर आम्हीं अन्याय केला. त्याचीहि टोंचणी आहेच.

पुतण्यास कांहीं महिन्यांनीं दुसऱ्या कामावर नेमलें. तें आमच्यामुळें कीं सहज, हें आम्हीं विचारलें नाहीं, आणि तोहि बोलला नाहीं. थोरले बंधू मात्र आम्हांशीं दिवाळीपर्यंत मोजकेंच बोलत होते. घरच्या वहीचें पहिलें पान आम्हीं मोठ्या अक्षरांत पुन्हां लिहून दाराशीं टांगलें आहे.

२०२४ च्या गौरींना तो शेळगांवास आला तेव्हां रात्र झाली होती. मुलांनीं नेहमींप्रमाणें त्याची पिशवी ओढून घेतली. आंत पुण्याची बाकरवडी निघाली. धाकटी म्हणाली, “काका, तुम्ही कोठून आलांत?” ओसरीवर सतरा-अठरा माणसें बसलीं होतीं. कोणी कांहीं बोललें नाहीं. वहिनींनीं पाण्याचा तांब्या पुढें केला, आणि म्हणाल्या, “आधीं हातपाय धू, पानें वाढलीं आहेत.”