विरत जाणारा लेहरा

यंत्रांची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती त्यांच्या नव्या सोयींची. यंत्र घरात येते तेव्हा ते एकच काम करीत असते आणि आपण त्याच्याशी जमवून घेतो. मग सोयी येऊ लागतात, आणि मूळचे काम कोणत्या बटणावर होते तेच सापडेनासे होते.

म्हणूनच परवा पुतण्या संगणकासमोरून आनंदाने ओरडला, “काका, लूपरचं नवं व्हर्जन आलं! ह्यात आता टेप झिजते!” तेव्हा मी सावध झालो. टेप झिजणे ही सोय कधीपासून झाली? आमच्या लहानपणी फीत झिजली की घरभर हळहळ होई. यंत्रात मळ साचला की गाणाऱ्या बाईंचा सूर डळमळू लागे; मग स्पिरिटात बुडवलेल्या कापसाने हेड पुसायचे. ती डळमळ, ती खरखर घालवण्यासाठी इंजिनियरांनी आयुष्ये वेचली. आता त्याच दोषांना एकेक बटण मिळाले आहे, आणि लोक त्या बटणांचे पैसे मोजतात!

पण पुतण्याने समजावून दिले तेव्हा माझे हसू ओसरले. लूपर म्हणजे संगणकावरच्या ध्वनिमुद्रणाला जोडायचे एक प्लगइन. वाजवलेला तुकडा ते पुन्हा पुन्हा ऐकवते. त्याला आता जुन्या टेप डिलेची जोड मिळाली आहे. त्या यंत्रात एक हेड आवाज फितीवर उतरवी आणि थोडे पुढचे हेड तो वाचून दाखवी. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल आणि दोन हेडांत ५ सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाज साधारण पाव सेकंदाने परत येतो. परतलेला आवाज पुन्हा फितीवर घातला, की प्रतिध्वनीचा प्रतिध्वनी. दर फेरीला तो जरा दबका, जरा धूसर होत जातो. जपानच्या रोलँड कंपनीचे १९७४ सालचे ‘स्पेस एको’ असेच चाले. त्याआधी १९६३ साली पॅरिसमध्ये टेरी रायली ह्या अमेरिकन संगीतकाराने दोन टेपरेकॉर्डरांतून एकच फीत ओवून चेट बेकरच्या ट्रंपेटवर असाच प्रयोग केला होता. पुढे १९७० साली हाच रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. मला त्याचे नवल वाटले नाही. फिरून फिरून तेच येणे, म्हणजे आपले आवर्तनच की!

आणि आवर्तन म्हटले की आम्हांला अण्णांची पेटी आठवते. रविवार कारंजाजवळच्या वाड्यात थोरला भाऊ तबल्याचा रियाज करी आणि वडील लेहरा धरीत. सोळा मात्रांची एकच ओळ, तास तासभर. टाळ्या पडायच्या त्या तबल्याला; लेहरा धरणाऱ्याकडे कोण पाहतो? १९८१ सालच्या एका कॅसेटवर ती ओळ राहिली आहे. अण्णा जाऊन बारा वर्षे झाली. पुतण्याने त्यातले एक आवर्तन कापून लूपरमध्ये घातले आणि स्वतः तबला पुढे ओढला.

आई ऐकत बसली. तिचे वय पंच्याऐंशी. दहा आवर्तने झाली, वीस झाली. पेटी तसूभरही हलली नाही.

“हे काही ‘हे’ नव्हेत,” आई म्हणाली. “ह्यांचा हात दमायचा. तुझ्या बाबानं तुकडा चांगला घेतला, की समेवर पेटी जरा जोरात वाजायची. हा आपला घाण्याचा बैल!”

पुतण्याने मग ती नवी सोय चालू केली. आता दर आवर्तनाला लेहरा विरू लागला. आधी सुरांची धार गेली, मग भात्याची घरघर. नवव्या-दहाव्या आवर्तनाला पेटी ऐकूच येईना. पुतण्या मात्र वाजवतच होता, आणि आईचा अंगठा बोटांच्या पेरांवर मात्रा मोजीत होता. कुठेच नसलेल्या लेहऱ्यावर त्याने तिहाई घेतली आणि तो समेवर आला. त्याच क्षणी आईचा हात मांडीवर पडला.

मला वाटते, सगळा फरक एवढाच आहे. जे यंत्र कधीच थांबत नाही, त्याच्यावर ताल सोपवून आपण मोकळे होतो. हळूहळू विरणारे यंत्र तो ताल आपल्या हाती परत देते. वडीलधाऱ्यांचेही असेच असावे. ते एकदम गेले तर आपण गडबडतो. आणि कधीच बाजूला झाले नाहीत, तर आपण मोजायलाच शिकत नाही.

आईने कॅसेट मागून घेतली, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. मग पुतण्याला म्हणाली, “उद्या पुन्हा लाव हो. पण असंच लाव, हळूहळू जाणारं.”