भट्टीची जागा



मातीचे भांडे समजून घ्यायचे असेल, तर ते दोन ठिकाणी पाहावे: एकदा संग्रहालयाच्या काचेमागे आणि एकदा कुंभाराच्या अंगणात. मी सानपाड्याला राहते. येथून हार्बर मार्गाने कुर्ल्याला जाऊन तेथे गाडी बदलली आणि भायखळ्याला उतरले, की राणीच्या बागेलगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय जवळच आहे. परतीच्या वाटेवर शीव स्थानक लागते. तेथून धारावीच्या कुंभारवाड्यात जाता येते. नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना सुट्टीच्या एका दिवसात करता येण्याजोगा हा अभ्यास आहे.

हे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. त्याच्या उभारणीसाठी झटणाऱ्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्याला १९७५ मध्ये देण्यात आले. येथे ‘बॉम्बे पॉटरी’ या नावाने ओळखली जाणारी भांडी आहेत. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने सर जे. जे. कलाशाळेत कुंभारकामाची कार्यशाळा सुरू झाली. तेथून ही परंपरा घडली. त्यांवर चकचकीत झिलई आहे, तर काहींवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेल्या आकृती आहेत. ही भांडी पाणी भरण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी घडवलेली. काचेसमोर उभे राहिल्यावर घाट दिसतो, रंग दिसतो, काळही कळतो. ते भाजताना किती भांडी तडकली, हे मात्र काच सांगत नाही.

कुंभारवाड्यात शिरताना आधी धूर भेटतो. येथील कुंभारांचे पूर्वज सौराष्ट्रातून मुंबईत आले. शहर वाढत गेले तसे त्यांना दक्षिण मुंबईतून हलावे लागले आणि १९३० च्या दशकात ते धारावीत स्थिरावले. घरांमधल्या मोकळ्या जागेत विटांच्या भट्ट्या आहेत. कापसाचा आणि कापडाचा टाकाऊ भाग हे त्यांचे जळण. एकाच घरात चाकही फिरते आणि संसारही चालतो. दारात पणत्या सुकत असतात. चाकावर बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांना मी विचारले, “काका, यात सर्वांत अवघड काय?” ते म्हणाले, “चाक हाताला बसतं, ताई. भट्टी लावणं अवघड. एक ओलं भांडं आत गेलं, तर शेजारच्याचीही फुटतात.”

त्यांचे बोलणे ऐकताना मला इनामगाव आठवले. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन १९६८ पासून अनेक हंगाम चालले. तेथे सापडलेली जोर्वे भांडी सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची: तांबडी, काळ्या रंगाने चितारलेली, चाकावर घडवलेली आणि टिचकी मारली की धातूसारखी वाजणारी. ती घडवणाऱ्याचे नाव काळाने ठेवले नाही. पण त्याची भट्टी सापडली आणि तो वस्तीत कुठे राहत होता, हे कळले. कुंभाराची ओळख त्याच्या भट्टीने पटते, ती अशी.

म्हणूनच धारावीच्या पुनर्विकासाचा विषय निघाला, की कुंभारवाड्यातला प्रश्न इतर वस्तीहून वेगळा ठरतो. उंच इमारतीतल्या सदनिकेत चाक एखाद्या वेळी बसेल. भट्टी बसणार नाही. धूर चांगला, असे मी म्हणणार नाही. त्या धुरात वाढणाऱ्या मुलांचा विचार न करता परंपरा जपण्याचा उपदेश करणे आपल्याला फार सोपे आहे. कुंभारांनाही पक्के घर आणि स्वच्छ हवा हवीच. पण कमी धुराची भट्टी बांधायची म्हटली, तरी तिला जमीन लागते, भांडी सुकवायला ऊन लागते, आणि आपले भांडे दुसऱ्याच्या भांड्याशेजारी विश्वासाने ठेवणारा शेजार लागतो. घराच्या चौरस फुटांत यांतले काहीच मोजले जात नाही.

संग्रहालय भांडे जपते, आणि त्याबद्दल आपण त्याचे ऋणी असावे. भांडे घडण्याची जागा मात्र त्याला कपाटात ठेवता येत नाही. ती वस्तीच्या नकाशातच राखावी लागते. आपल्या गावात कुंभारआळी असेल, तर या दिवाळीत पणत्या घ्यायला तेथे जा आणि भट्टी कोठे लागते, तेवढे पाहून या.