दोन प्लगची गाडी

स्पार्क प्लगला मराठीत काय म्हणायचं, असा विषय आपल्या मंडळाच्या बैठकीत निघाला तर तासभर सहज जाईल. कुणी ‘ठिणगीखुंटी’ सुचवेल, कुणी ‘प्रज्वलक’ म्हणेल आणि शेवटी चहा येईल. आमच्या गोडादऱ्यात हा प्रश्न केव्हाच सुटलाय. तिथं त्याला ‘पलग’ म्हणतात. पलग उडाला, पलग काळा पडला, पलग काढून घासून घे. व्याकरणाची काही अडचण येत नाही.

ज्यांनी गोडादरा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सुरतच्या पूर्वेकडचा हा भाग. लिंबायत, डिंडोली, नवागाम, परवत पाटिया ही शेजारची नावं. उधन्याहून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जी रेल्वेलाईन जाते, तिच्यावरून खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथं कामाला आली आणि राहिली. त्यामुळे घरात अहिराणी, दुकानात गुजराती, कारखान्यात हिंदी, आणि शिकायला महापालिकेच्या मराठी शाळा. आमचं घरही असंच. पप्पा यंत्रमागावर. आमच्याकडे कारखान्याला ‘खातं’ म्हणतात. आई घरी साड्यांना लेस लावते. दादा साड्यांचे पार्सल पोचवण्याचं काम करतो. आणि मी तुमच्यात, हॉस्टेलवर.

दादाकडे सेकंड हँड पल्सर २२० आहे. आता कुणी म्हणेल, ही काय स्पोर्ट्स कार झाली का? नाही. पण आमच्या गल्लीत जिथं दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं, तिथं स्पोर्ट्स कार येणार कुठून! पोरांसाठी हीच ती. आणि खरं सांगायचं तर दोघींचं एका बाबतीत नातं आहे. या गाडीला सिलिंडर एक, पण प्लग दोन. बजाजने २००३ साली पल्सरला ‘डीटीएस-आय’ नावानं ही दोन प्लगची पद्धत आणली. तिकडे पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारच्या १९८९ साली आलेल्या ‘९६४’ मॉडेललाही सहा सिलिंडरांना बारा प्लग होते. म्हणजे प्रत्येकी दोन. कल्पना तीच.

दोन कशासाठी? सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. सगळं मिश्रण एकदम पेटत नाही. ठिणगीपासून ज्वाळा पसरत जाते, आणि त्याला वेळ लागतो. फार थोडा, पण इंजिनाच्या हिशेबात तो मोठाच. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरला सेकंदाला ५० वेळा ठिणगी लागते. दोन बाजूंनी पेटवलं की ज्वाळेला कमी अंतर कापावं लागतं आणि जळण नीट होतं. ही ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात आणि ती उडते ती एक मिलिमीटरहूनही लहान फटीत. बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला, तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. बॉशचीच भारतातली कंपनी म्हणजे पूर्वीची ‘मायको’, १९५१ साली बंगळुरूला सुरू झालेली. नाशिकच्या मायको सर्कलवरून तुमच्यापैकी कितीतरी जण गेले असतील. जुने मेकॅनिक अजून ‘मायकोचा पलग’ असंच म्हणतात.

तर या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा दादाची गाडी आजारी होती. पिकअप नाही, पेट्रोल जास्त खातेय, सकाळी चालू व्हायला कटकट. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथं इंजिन अर्धं खोलावं लागेल असं सांगितलं आणि खर्चाचा आकडा दिला साडेआठ हजार. दादाच्या पगाराचा तो मोठा तुकडा होता, आणि माझी दुसऱ्या सत्राची फी तोंडावर होती. गाडी विकून टाकू का, इथपर्यंत बोलणं आलं. गाडी विकली की पार्सलचं कामही गेलं, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात तेच.

दिवाळीपासून लाभ पाचमेपर्यंत सुरतचे मार्केट आणि खाती बंद असतात. त्यामुळे पप्पा घरी होते. त्यांनी दादाला गाडी चालू करायला लावली आणि पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवून उभे राहिले. डोळे मिटलेले. मिनिटभरानं म्हणाले, “एक ठोका कमी शे.”

पप्पांना इंजिनाचा आवाज धड ऐकू येत नाही. बावीस वर्षं मागावर झालीत. खात्यात मागाच्या सांगाड्याला हात लावून बिघाड ओळखायची सवय त्यांना आहे. तीच त्यांनी इथं वापरली. मी म्हटलं, आधी प्लग तर बघू. दोन प्लग मिळून साडेतीनशे रुपये. साडेआठ हजार कुठं पळून जाणार आहेत?

काम तसं अवघड नाही, पण क्रम सोडायचा नाही. म्हणून नीट लिहिते, तुमच्यापैकी कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल.

गाडी पूर्ण थंड असली पाहिजे. सिलिंडरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर आटे खराब होतात, आणि हेडचे आटे गेले की मग खरोखरच हजारोंचा खर्च. नवा प्लग घेताना जुन्याचा नंबर जुळवायचा. दिसायला सारखे असले तरी प्लगची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता वेगवेगळी असते. जास्तच थंड राहणाऱ्या प्लगवर काजळी साचते. जास्तच तापणारा ठिणगीची वेळ येण्याआधीच मिश्रण पेटवू शकतो. मग टोपी ओढायची, वायरला धरून नाही तर टोपीलाच धरून. त्यानंतर प्लगच्या भोवतीची धूळ उडवायची. आम्ही सायकलचा पंप वापरला. प्लग निघाल्यावर भोकातून वाळूचा एक कण जरी आत पडला तरी तो सिलिंडरला ओरखडे काढतो, आणि गोडादऱ्यात धूळ किती, हे मी काय सांगू!

डावा प्लग समोरच असतो. पाना लावला, उलटा फिरवला, निघाला. टोक बिस्किटाच्या रंगाचं. हा रंग चांगला. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ, डॉक्टर जशी जीभ बघतात तसा मेकॅनिक प्लग बघतो. फिकट तपकिरी म्हणजे तब्येत ठीक. पांढराफटक असेल तर इंजिन जास्त तापतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतंय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा ठिणगीच कमजोर आहे. ओला, तेलकट काळा असेल तर ऑईल आत येतंय, आणि मग खर्चाची तयारी ठेवायची.

उजवा प्लग आडबाजूला, एका नळीत खोल. तिथं हात वाकडा करून जावं लागतं. दादाचा पंजा अडकत होता, म्हणून मी घातला. घट्ट बसला होता. थोडा सैल, पुन्हा थोडा आत, पुन्हा सैल, असं करत करत बाहेर आला. कोळशासारखा काळा, पण कोरडा. टोकाची धार झिजून गोल झालेली. दादाच्या मित्राकडून फिलर गेज आणलं होतं. त्याची एक मिलिमीटरची पट्टी फटीतून आरामात गेली. म्हणजे फट इतकी वाढली होती की ठिणगीला उडी मारता येत नव्हती. आणि गंमत म्हणजे त्याच्यावर छापलेलं नाव डाव्या प्लगपेक्षा वेगळं होतं. दोन्ही प्लग एका वेळचे नव्हतेच. आधी कधीतरी सर्व्हिसिंगमध्ये हाताशी येतो तो डावा बदलला गेला आणि अडचणीतला उजवा तसाच राहिला. किती वर्षं, कोण जाणे.

एवढे दिवस कळलं कसं नाही? कारण डावा चालू होता. एका प्लगच्या गाडीचा प्लग गेला की ती रस्त्यातच बंद पडते. दोन प्लगच्या गाडीचा एक गेला तरी ती चालते. जरा रडत, जरा जास्त पेट्रोल पीत, पण चालते. आणि चालणाऱ्या गाडीला कोण खोलून बघतं?

नवीन प्लग बसवताना पाना शेवटी. आधी हातानंच फिरवायचा. खोल जागेत बोटं पोचत नाहीत, तिथं पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवायचा आणि नळी फिरवायची. आटे वाकडे लागले तर नळीच घसरते, जोर लागत नाही, म्हणून हेड वाचतं. हातानं पूर्ण बसल्यावर पान्यानं साधारण अर्धा फेरा, वायसर दबेपर्यंत. त्याहून जास्त नाही. टोपी ‘टक्’ असं होईपर्यंत दाबायची.

दादानं बटण दाबलं. पहिल्या झटक्यात चालू. पप्पांनी पुन्हा टाकीवर हात ठेवला आणि मान हलवली. मग माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं, त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तेवढ्यात आई ओट्यावरून म्हणाली, “थांब, मी सांगस त्यासले.” आणि तिनं त्यांच्या अगदी जवळ जाऊन, ओठ दिसतील असं, तेच वाक्य सांगितलं.

हे आमच्या घरात रोजचं आहे. दुकानदार बोलतो, आई पप्पांना सांगते. फोन आई घेते. पाहुणे आले की पप्पा हसून मान हलवतात आणि आई मधूनच विषय पुरा करते. घर चालतं. पण त्या दिवशी हातात तो काळा प्लग होता, आणि मला ते पहिल्यांदा तसं दिसलं.

परत आल्यावर मी थोडं वाचलं. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे. १०० डेसिबल असेल तर फक्त दोन तास. धोट्याचे माग दाटीनं चालणाऱ्या बंद शेडमध्ये आवाज शंभराच्या आसपास जातो, आणि पप्पांची पाळी बारा तासांची. आवाजामुळे येणारं बहिरेपण कारखाना अधिनियम, १९४८च्या रोगांच्या यादीत व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेलं होतं. कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी त्यात मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. म्हणून स, श, फ ही अक्षरं निसटतात आणि माणूस म्हणतो, “ऐकू येतं, पण कळत नाही.” पप्पा हेच म्हणतात.

मग मी फोनवर दादाच्या मागे लागले. खातं चालू झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी तो पप्पांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तपासणीचा कागद त्यानं मला फोटो काढून पाठवला. दोन्ही कानांच्या रेषा सुरुवातीला बऱ्या, आणि ४,०००च्या आकड्याजवळ एकदम खाली. डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते येणार नाही. यंत्र लावता येईल, त्याचं बघू. पण राहिलंय ते सांभाळा, उद्यापासून खात्यात कानात बोळे घाला.

दादानं दुकानातून फोमचे बोळे आणले. पाकिटावर लिहिलं होतं ‘इअरप्लग’. दादानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं तर पप्पा हसले आणि म्हणाले, “आते कानले बी पलग?”

पहिले दोन दिवस खात्यातल्या कारीगरांनी त्यांची चेष्टा केली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या चार मागांवरच्या पोरानं विचारलं, कुठून आणले? तो विशीतला आहे, ओडिशाचा, पप्पांच्या भाषेत ‘नवा माल’. पप्पांनी त्याला खिशातली जास्तीची जोडी दिली आणि बोळा बोटांत वळून कानात कसा सरकवायचा ते दाखवलं.

गाडीचा जुना प्लग मी फेकला नाही. हॉस्टेलच्या टेबलावर पेनांच्या डब्यात आहे. मैत्रिणी विचारतात, हे काय? मी सांगते, उजवा.