व्याह्यांच्या बंदुका

कोलंबस, ओहायो

चि. निखिल यास,


परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, घराचा विमा आहेच, मग बंदुकांसाठी वेगळा कशाला?" एमिली शेजारीच होती. वडिलांना जाऊन तिला अजून महिनाही झाला नव्हता, म्हणून मी विषय आवरता घेतला. पण तुझा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर फोनवर मावणारं नाही. माझी उमेदीची वर्षं विमा एजन्सीत गेली. त्यातलं काही तुमच्या उपयोगी पडलं तर बरंच.

होमओनर्स पॉलिसीत घरातल्या सामानासाठी एक घसघशीत आकडा असतो, बहुधा घराच्या रकमेच्या निम्मा किंवा थोडा जास्त. तो पाहून माणूस निर्धास्त होतो आणि पुढचं पान उलटत नाही. पुढच्या पानावर रोकड, दागिने, चांदीची भांडी, बंदुका अशा चिजांची एक छोटी यादी असते आणि त्या प्रत्येकीला वेगळी मर्यादा. इथल्या बहुतेक कंपन्या ज्या नमुन्यावर पॉलिसी बेततात, त्यात बंदुका चोरीला गेल्या तर मिळतात जास्तीत जास्त २,५०० डॉलर. दर बंदुकीमागे नव्हे हं, सगळ्या मिळून. तुझ्या सासऱ्यांच्या तिजोरीतल्या एखाद्याच चांगल्या बंदुकीत ते संपतील. तुमच्या पॉलिसीत आकडा थोडा वेगळा असेल. पान काढून बघ.

ही मर्यादा फक्त चोरीला आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. घराला आग लागली तर बंदुका बाकीच्या सामानाबरोबर त्या मोठ्या आकड्यात येतात. तिथे अडचण निराळी. साध्या पॉलिसीत घसारा वजा करून किंमत देतात. जास्त हप्ता भरून "नव्याच्या भावाने भरपाई" घेतली असली, तरी ज्या वस्तूची किंमत तिच्या वयामुळे किंवा इतिहासामुळे ठरते ती त्या सोयीतून वगळलेली असते. म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीने जी बंदूक मौल्यवान, नेमकी तिलाच ती सोय नाही.

पुराचं तर बोलायलाच नको. होमओनर्समध्ये पूर येतच नाही. सरकारी पूरविमा घेतला तरी तो तळघरातल्या सामानाला, वॉशिंग मशीन-फ्रीझरसारख्या चार वस्तू सोडल्या तर, जवळजवळ काहीच देत नाही. आणि इकडे सगळ्यांच्या तिजोऱ्या असतात कुठे? तळघरात!

आता तुमचा खरा घोळ. तुम्ही राहता क्लीव्हलंडला, घर सासऱ्यांचं पेनसिल्व्हेनियात, आणि काही बंदुका पॉटर काउंटीतल्या शिकारीच्या केबिनमध्ये. पॉलिसीधारक वारला की त्याच्या वारसाव्यवस्थापकाला, म्हणजे इथे एमिलीला, त्या घरापुरतं आणि तिथल्या त्यांच्या मालमत्तेपुरतं संरक्षण चालू राहतं. पण त्यांच्या कंपनीला मृत्यूची खबर लेखी गेली पाहिजे, आणि घर रिकामं आहे हेही सांगितलं पाहिजे. केबिनचं जास्त वाईट आहे. दुसऱ्या राहत्या जागेत कायम ठेवलेल्या सामानाला सहसा मुख्य रकमेच्या दहा टक्केच मिळतात. आणि चोरी झाली, तर त्या वेळी विमेदार तिथे तात्पुरता तरी मुक्कामाला असला पाहिजे, नाहीतर काहीच नाही. हरणांच्या हंगामात आठवडाभर गजबजणारी आणि एरवी कुलूप लावलेली ती केबिन. चोराला ते कॅलेंडर आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तेव्हा केबिनमधल्या बंदुका या शनिवारीच हलवा, पण मुख्य घरी, पेनसिल्व्हेनियातच. वारसाहक्काने आलेली बंदूक दुसऱ्या राज्यात न्यायला केंद्राच्या कायद्यात मुभा आहे, मात्र वाटणीचे कागद होईपर्यंत त्या ओहायोत आणू नका, आणि आणाल तेव्हा एमिलीनेच आणलेल्या बऱ्या.

तुझ्या आजोबांची दुनळी तुला आठवत नसेल. निवडणूक जाहीर झाली की ते ती पोलीस ठाण्यात जमा करून यायचे आणि निकालानंतर परत आणायचे. परवान्यावर तिचा नंबर, बोअर, सगळं लिहिलेलं. आपल्याकडे भारतात सरकारच तुमची यादी ठेवतं, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, वडिलोपार्जित धरून. संग्रह म्हणावा असं काही त्यात उभंच राहत नाही. इथे बरोबर उलटं. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची अशी मध्यवर्ती नोंदवही करायलाच मनाई आहे. म्हणून तुझ्या सासऱ्यांच्या पिढीतल्या माणसांना यादी या गोष्टीचाच तिटकारा. आपल्याकडे काय काय आहे हे सरकारला कळू नये, चोराला कळू नये, जमल्यास बायकोलाही कळू नये. हे समजण्यासारखं आहे, पण विमा नेमका याच्या विरुद्ध टोकाला उभा असतो. दाखवलं नाही ते त्याच्या लेखी नसतंच. उभा जन्म लपवण्यात गेला की मागे राहिलेल्यांना सिद्ध करायला हातात काही उरत नाही.

आमच्या एजन्सीचा एक ग्राहक होता. रविवारी चर्चला गेला असताना चोरी झाली. दावा मांडताना पुरावा म्हणून त्याने काय आणलं, तर मारलेल्या हरणांशेजारी बसून काढलेले फोटो! हरणांची शिंगं स्पष्ट, बंदूक अर्धी गवतात. नंबर एकाही बंदुकीचा नाही. नंबर नसला तर पोलीस ती चोरलेली बंदूक राष्ट्रीय यादीत धड चढवू शकत नाहीत, म्हणजे उद्या एखाद्या दुकानात ती निघाली तरी कुणाची ते कळत नाही. आणि विमा कंपनी मागेल तेव्हा साठ दिवसांच्या आत शपथेवर नुकसानीचा तपशील द्यावा लागतो. त्यात "एक जुनी विंचेस्टर" असं लिहून भागत नाही.

तेव्हा आधी यादी. कंपनी, मॉडेल, बोअर, नंबर, कुठून आली, त्यावरच्या खुणा. इथल्या शस्त्रखात्याचा यासाठी एक छोटा छापील नमुनाही मिळतो. तो भरून सरकारला पाठवायचा नसतो, आपल्याजवळच ठेवायचा असतो, हे एमिलीच्या भावाला आवर्जून सांग. गेल्या थँक्सगिव्हिंगला व्याह्यांनी मला ती विंचेस्टरची मॉडेल १२ दाखवली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरला, पुढचा भाग जरासा फिरवला आणि नळी अलगद हातात काढून घेतली. मग चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही भागांवरचा नंबर बोटाने दाखवला, तोच नंबर दोन्हीकडे. म्हणजे नळी मूळचीच, मागाहून बसवलेली नाही. किंमत त्यात असते. ती टॉवेलवरची मांडणी तशीच करा आणि दोन्ही नंबरांचे फोटो घ्या. हातात धरून धरून खालच्या बाजूची निळाई उडालीय आणि लोखंड चांदीसारखं दिसतं, ते तसंच राहू द्या. कुणी हौशी म्हणेल, "पॉलिश करून देतो." नको म्हणा. नव्याने निळाई चढवली की संग्राहकाच्या लेखी ती निम्मी मेली.

मॉडेल ७० रायफलचा नंबर बघा. सात लाखांच्या आतला असेल तर ती १९६४ च्या आधीची, आणि त्या सालापासूनच्या रायफलीला संग्राहक तो मान देत नाहीत, कारण कंपनीने बांधणी स्वस्तात आणली. गॅरंड रायफलीचा नंबर मागच्या माशीच्या पाठीमागे असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकाची ती रायफल लाखोंनी बनली, म्हणून नुसती "गॅरंड" असण्याने काही होत नाही. कुठले सुटे भाग मूळचे, यावर सगळं. ती जुनी मॉडेल १८९४ लिव्हर-अ‍ॅक्शन आहे ना, तिचा नंबर पुरेसा जुना असेल तर वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयाकडे लिहा. विंचेस्टरच्या जुन्या वह्या त्यांच्याकडे आहेत. बंदूक कारखान्यातून कोणत्या रूपात आणि कधी बाहेर पडली याचं पत्र ते फी घेऊन देतात. दावा आला तर असं पत्र दहा साक्षीदारांना भारी पडतं.

मग मूल्यांकन. ते करणारा आणि बंदुका विकत घेऊ पाहणारा माणूस एकच नसावा, एवढं पाळ. पेनसिल्व्हेनियात मुलांना मिळालेल्या वारशावर साडेचार टक्के कर आहे आणि मृत्यूपासून नऊ महिन्यांत तो भरायचा असतो, म्हणजे तुम्हाला मूल्यांकन नाहीतरी करायचंच आहे. करासाठी लागते ती बाजारात विकली तर येणारी किंमत. विम्यासाठी लागते ती तशीच दुसरी शोधून आणायला पडणारी किंमत. दोन आकड्यांत फरक असणं रास्त आहे. पण कराला चिमूट आणि विम्याला परात, असं करू नका. दोन्ही कागद पुढेमागे एकाच टेबलावर येऊ शकतात.

आता वेगळा विमा. याला इथे फ्लोटर किंवा शेड्यूल म्हणतात. होमओनर्सलाच जोडून घेता येतो, किंवा फक्त संग्रहांचा विमा करणाऱ्या कंपन्यांकडून स्वतंत्र. एकेक बंदूक नंबर आणि रकमेसकट लिहून घेतात, किंवा ठराविक किमतीखालच्या सगळ्यांना मिळून एक रक्कम धरतात. तुझ्या सासऱ्यांसारख्या लपवणाऱ्या माणसाला हा दुसरा प्रकार रुचला असता, कारण किरकोळ बंदुकांची जंत्री द्यावी लागत नाही. फायदा असा की वजावट बहुधा नसते, आणि होडीतून तळ्यात पडली, नेमकी कुठे गेली ते कळत नाही, असलं नुकसानही सहसा धरतात, जे साध्या पॉलिसीत नसतं. विचारायचा मुख्य प्रश्न एकच: नुकसान झालं तर आधी ठरलेली रक्कम देणार, की त्या दिवशीचा बाजारभाव बघून ठरवणार? एजंट गुळमुळीत बोलला तर लेखी माग. पूर धरला आहे का, प्रवासातलं नुकसान धरलं आहे का, हेही विचार. गंज मात्र कुठलीच कंपनी धरत नाही. हळूहळू होणारं नुकसान तुमच्या निष्काळजीपणाचं.

आणि क्लीव्हलंडचं तळघर म्हणजे उन्हाळ्यात ओला कपडा. बंदुका आत फोम असलेल्या पेटीत वर्षानुवर्षं ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. तिजोरीत गरम दांडी किंवा सिलिका जेल, आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र. तिजोरी जमिनीला बोल्टने जखडा. दारावर प्रयोगशाळेचा शिक्का आहे म्हणून फार भरवसा धरू नका. घरगुती तिजोऱ्यांचा तो नेहमीचा शिक्का साध्या हत्यारांपुढे पाच मिनिटं टिकण्याचा आहे. पाच मिनिटं! यादी आणि फोटो त्याच तिजोरीत ठेवायचे नाहीत, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचे. आणि ते फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचे नाहीत. ही शेवटची सूचना तुझ्या वडिलांसाठी आहे.

हा सगळा विमा बंदुकीच्या किमतीचा. बंदुकीने कुणाला इजा झाली तर त्याचा याच्याशी संबंध नाही. तो जबाबदारीचा भाग, आणि जाणूनबुजून केलेली इजा तिथेही वगळलेली असते. तुमची आर्या नऊ वर्षांची आहे. तिजोरीचा आकडा तिच्या वाढदिवसाचा ठेवू नका.

माझं स्वतःचं मत विचारशील तर सगळ्या ठेवू नका. मला या वस्तूंचं प्रेम नाही हे तुला माहीतच आहे, पण त्यासाठी म्हणत नाही. विम्याचा हप्ता दर वर्षी येतो आणि ज्या बंदुकीची आठवण कुणालाच नाही तिच्यासाठी तो भरताना जड जातं. एमिलीला विचार, वडिलांबरोबर ती कोणती घेऊन जंगलात जायची. ती आणि मॉडेल १२ एवढ्या नावानिशी विम्यात घाला. बाकीच्या परवानाधारक दुकानामार्फत किंवा लिलावात जाऊ देत. पण विकेपर्यंत त्यांचाही विमा असू दे. मयताचं घर आवरतानाच्या दिवसांतही चोऱ्या होतात, कारण तेव्हा दारं उघडी असतात आणि माणसं अनोळखी.

व्याह्यांच्या कंपनीला पाठवायचा मजकूर सोबत जोडला आहे. तारीख घालून एमिलीची सही घे आणि सोमवारी रवाना कर.

तुझी,
मंदाआत्या

ता. क. तुझा तो एच-१बीवरचा मित्र नेमबाजी शिकायची म्हणत होता. स्थलांतरितेतर व्हिसावरच्या माणसाने बंदूक जवळ बाळगणं केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. चालू शिकारी परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत. तुम्ही गावाला जाल तेव्हा घर सांभाळायला तो येणार असेल तर झाडांना पाणी घालायला सांग, तिजोरीचा आकडा देऊ नकोस.