निळी

कापूस मोजायचा काटा आमच्या ओसरीत वाशाला टांगलेला असतो. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी त्याला गाठोडी लागतात, बायका आपापले किलो ऐकून घेतात आणि घरी जातात. एरवी तो रिकामाच लोंबतो. पण दीड-दोन वर्षांतून एखाद्या सकाळी त्याच्या आकड्याला निळी अडकवतात आणि ओसरीतलं बोलणं थांबतं. काटा थरथरतो, मग स्थिर होतो. अण्णा चष्मा कपाळावर सारून जवळ जातात. "चोवीस आन् सातशे." विमानाला चालतात तेवीस.

काय काढायचं ते आई ठरवते, आणि दर वेळी स्वतःचंच काढते. आधी शाल, मग चपलांचा दुसरा जोड, मग एक पातळ. लाडवांच्या डब्याला ती कुणाला हात लावू देत नाही.

निळी म्हणजे आमची बॅग. ताईचं लग्न होऊन ती न्यू जर्सीला गेली, त्या वर्षी जालन्याच्या बाजारातून आणलेली. टणक पाठीची, चार चाकांची, उभी केली तर आईच्या कमरेपर्यंत येणारी. मधोमध उघडली की दोन सारख्या कुशी होतात. एका कुशीत खाऊ, एका कुशीत कपडे, हे आईनं पहिल्या दिवशी ठरवलं ते आजतागायत बदललेलं नाही. आतल्या चिठ्ठीवर नाशिकचा पत्ता आहे. चेन अडली की आई तिच्यावर मेणबत्तीचा तुकडा फिरवते आणि चेन गुमान सरकते. एक कोपरा चेपलेला आहे. तो कुठल्या विमानतळावर चेपला ते आम्हाला माहीत नाही; ती जाताना धड होती, येताना तशी आली.

मुठीला आजीच्या इरकली लुगड्याचा लाल काठ बांधलेला आहे, दोन गाठी मारून. पट्ट्यावर एकसारख्या बॅगा फिरत येतात, त्यात आपली ओळखू यावी म्हणून. आजी कधी जालन्याच्या पलीकडं गेली नाही. तिच्या काठानं मात्र अर्धं जग पाहिलं.

आमचं गाव जांब समर्थ, घनसावंगी तालुक्यातलं. समर्थ रामदास इथं जन्मले, १६०८ च्या रामनवमीला. बारा वर्षांचा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ, 'सावधान' हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघाला तो नाशिककडं गेला आणि चोवीस वर्षांनी आईला भेटायला परत आला, ही कथा इथलं लेकरू बोलायला लागायच्या आधी ऐकतं. त्याच्या हातात काहीच नव्हतं. आमच्या घरातून लांब जाणाऱ्या माणसाच्या हातात मात्र घर द्यावं लागतं, आणि ते तेवीस किलोंत बसवावं लागतं. निळीचं सगळं आयुष्य या एका कामात गेलं आहे.

तिला चार चाकं आहेत, पण गावात ती कामाची नाहीत. पावसाळ्यात काळ्या मातीत ती दोन हातसुद्धा सरकत नाही. मग कुणीतरी तिला डोक्यावर घेतं, चाकं आभाळाकडं करून, आणि डांबरी रस्त्यापर्यंत पोचवतं. देवगिरी एक्सप्रेसमध्ये ती बर्थखाली साखळीनं बांधून झोपते. तिथं तिला कुणी तोलत नाही. चाकं खरी फिरतात ती मुंबईच्या विमानतळावरच्या फरशीवर. तिथं ती इतकी हलकी पळते की अण्णांना तिला आवरून धरावं लागतं.

ती फक्त आमची राहिलेली नाही. गल्लीतला एक मुलगा पुण्याला वसतिगृहात राहायला गेला तेव्हा निळी त्याच्याबरोबर गेली. शेजारचे चाचा-चाची उमऱ्याला गेले तेव्हाही तीच गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या अस्तराला अत्तराचा आणि खजुराचा वास होता. तो वास पुढं कितीतरी महिने टिकला. आईनं तिला उन्हात ठेवायचं नाकारलं. "देवाघरचा वास हाय, राहू दे."

बॅग उसनी देताना आईची अट एकच असते. काठ सोडायचा नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी आई-अण्णा निघाले. ताईला दिवस भरत आले होते. रामनवमी आठवड्यावर आलेली, आणि रामनवमीला जांब सोडून जाणं आईला आयुष्यात पहिल्यांदाच जमवायचं होतं. निळीत काय नव्हतं! डिंकाचे लाडू, भाजलेल्या अळिवाचे लाडू, बाळंतशेपा, आजीच्या लुगड्यांचं मऊ दुपटं, हातानं शिवलेली सहा झबली, टोपडी, ताईच्या ओटीसाठी खण आणि खोबऱ्याच्या चार वाट्या. अण्णांना आपल्या बागेतल्या दोन मोसंब्या घालायच्या होत्या. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा त्यांना फार अभिमान. पण प्रवाशाच्या सामानातून येणारं ताजं लिंबूवर्गीय फळ अमेरिकेत उतरवू देत नाहीत, फळाबरोबर बागांचे रोग येतात म्हणून. बियाणंही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये ज्या गावात महिको उभी केली आणि ज्याचं बियाणं देशभर गेलं, त्या जालन्याकडचा शेतकरी लेकीच्या अंगणात लावायला मेथीचं मूठभर बी नेऊ शकत नाही. अण्णांना हे पटलं. रोग काय असतो ते त्यांनी बागेत पाहिलं आहे. मोसंब्या त्यांनी जालना स्टेशनवर बसून स्वतः खाल्ल्या.

खोबऱ्याचं मात्र आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मुंबईत बॅग सोपवून, बोर्डिंग पास घेऊन दोघं पुढं गेले आणि आईच्या नावाचा पुकारा झाला. निळी यंत्रातून जाताना तिच्या पोटात गोल काहीतरी दिसलं होतं. परक्या माणसांसमोर, हातमोजे घातलेल्या हातांनी ती उघडली गेली. खोबऱ्याच्या वाट्या बाहेर निघाल्या. सुक्या खोबऱ्यात तेल पुष्कळ. ते दमट, कोंदट जागी पडलं तर आतल्या आत तापत जातं आणि पेट घेऊ शकतं. म्हणून विमानाच्या नियमांत ते ज्वालाग्राही मालात बसतं. नियम बरोबर आहे. तीनशे माणसांच्या पायांखाली पेटू शकणारी वस्तू ठेवू नये, हे कुणीही मान्य करील. माझं म्हणणं इतकंच, की महाराष्ट्रातल्या घराघरांत ओटीला खोबरं लागतं, तर ही गोष्ट तिकिटाबरोबर मराठीतून ठळक अक्षरांत सांगायला हवी. आईला ती सांगितली गेली तेव्हा तिच्या हातात वाट्या होत्या आणि शेजारी कचऱ्याचा डबा होता.

ओटीचं खोबरं डब्यात टाकायला तिचा हात होईना. शेवटी अण्णांनी ते तिच्याकडून घेतलं.

निळी पुन्हा बंद झाली, सरकत्या पट्ट्यावर चढली आणि रबरी झालरीआड गेली. तिथून पुढं तिला नाव नसतं. मुठीला गुंडाळलेल्या कागदी पट्टीवर दहा आकडे असतात, पहिले आकडे विमान कंपनीचे, उरलेले तिचे स्वतःचे. यंत्रं ते वाचतात आणि तिला या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर ढकलतात. काठ फक्त आम्हाला वाचता येतो.

पहिलं विमान उशिरा उडालं. मधल्या विमानतळावर उतरले तेव्हा पुढच्या विमानाला थोडीच मिनिटं उरली होती. आई सासष्टची, पायांत गुडघेदुखी. तरी ती पातळाचा ओचा धरून पळाली. माणूस जिवाच्या आकांतानं पळू शकतो. बॅगेला कुणीतरी पळवावं लागतं, आणि त्या रात्री निळीला कुणी पळवलं नाही. विमानं बदलताना बॅगा चुकतात, सगळ्यात जास्त तिथंच चुकतात. त्या वर्षी जगभरात दर हजार प्रवाशांमागं जवळपास सात बॅगांची कुठं ना कुठं अशी गत झाली. आकडा लहान वाटतो. नूअर्कच्या पट्ट्याशी उभ्या असलेल्या आईला तो लहान वाटला नाही.

पट्टा फिरत राहिला. माणसं आपापल्या बॅगा उचलून गेली. शेवटी एक लहान मुलाची गाडी तेवढी फिरत होती, मग तीही कुणी नेली, आणि पट्टा थांबला. आई म्हणते, तो थांबल्याचा आवाज अजून कानात आहे.

खिडकीमागच्या बाईनं एक तक्ता पुढं केला. त्यावर बॅगांची चित्रं होती, प्रत्येकाखाली आकडा, आणि रंगांचे चौकोन, निळ्याला 'बीयू'. जगात कुठंही बॅग हरवली तरी याच तक्त्यावर बोट ठेवून सांगायचं. आईनं सगळ्या चित्रांवरून बोट फिरवलं. काठ बांधलेली एकही नव्हती. मग तिनं कानाच्या पाळीशी हात नेला, कपाळावरून पदर ओढून घेतला आणि त्या बाईला आपल्या अंगावरच्या पातळाचा काठ दाखवला. असा, लाल. बाईनं ते समजून घेतलं आणि अर्जात लिहून घेतलं, एवढं तिचं आमच्यावर ऋण आहे.

कायदा काय सांगतो तेही तेव्हा ताईच्या नवऱ्यानं वाचून काढलं. १९९९ चा मॉन्ट्रियल करार, भारत त्यात २००९ मध्ये आला. एकवीस दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरतात. भरपाईला कमाल मर्यादा असते. ती नाणेनिधीच्या हिशोबी एककात मोजतात, तेव्हा १,२८८ होती, पुढं २०२४ च्या अखेरीस १,५१९ झाली. रुपयांत लाखाच्या वर रक्कम जाते. वस्तूंची यादी करा, प्रत्येकीपुढं किंमत लिहा. आईनं यादी सांगितली. किमती सांगता येईनात. दुपट्याची काय लिहायची? ते आजीच्या तीन लुगड्यांचं होतं, आजी जाऊन सहा वर्षं झाली होती.

रोज फोन व्हायचा. रोज तेच उत्तर: शोध चालू आहे. आईनं मला तिकडून विचारलं, देवळात सांगितलंस का? मी सांगितलं होतं. आमच्या गावाला हरवण्याचा ताजा अनुभव होता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राममंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. गाभारा रिकामा होता त्या दिवसांत गावात मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. दोन महिन्यांनी पोलिसांनी त्या शोधून आणल्या. म्हणून आई फोनवर ठामपणे म्हणाली, "देव सापडले. तीबी सापडंल." मला त्यावर बोलता आलं नाही.

या प्रवासांनी आम्हाला नुसता मनस्तापच दिला असं म्हटलं तर तो अन्याय होईल. त्याच वर्षी सप्टेंबरात परत येताना विमानात जागांपेक्षा माणसं जास्त झाली, आणि खिडकीवरच्या मुलीनं आई-अण्णांना पुढच्या, महागड्या भागात बसवलं. एक पैसा जास्त न घेता. आईचं आसन बटण दाबल्यावर पलंगासारखं आडवं झालं. बाळंतपणात सहा महिने उभी राहिलेली ती बाई पाय पसरून आठ तास झोपली. निळीला त्या दिवशी प्राधान्याची नारिंगी पट्टी लागली आणि मुंबईच्या पट्ट्यावर ती सगळ्यांच्या आधी आली. ती पट्टी अण्णांनी कापून घेतली आणि जपून ठेवली. जुनी पट्टी मुठीला राहिली तर यंत्र चुकतं, हे आता त्यांना पक्कं ठाऊक आहे. अण्णांसाठी चाकांची खुर्ची मागितली होती. ढकलणारा मुलगा परभणीचा निघाला. लांबलचक रांगा बाजूला टाकून त्यानं त्यांना नेलं, पट्ट्यावरून निळी उतरवून घेतली, आणि जांबचे म्हटल्यावर वाकून पाया पडला. त्याला आईनं उरलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली. विमानातलं जेवण अळणी लागतं, उंचावरच्या कोरड्या हवेत जिभेला मीठ-साखर कमी कळते, म्हणून ही पुडी तिच्या पिशवीत कायम असते.

पण मला सांगायची आहे ती पाचव्या दिवसाची गोष्ट. आमच्याकडं पहाट होती, तिकडं आदली संध्याकाळ. ताईचा व्हिडिओ कॉल आला. दारात एक व्हॅन उभी, आणि एक माणूस पायऱ्या चढून येतोय, हातात निळी. काठ जागेवर. त्याच्या शेजारी एक नवीच पट्टी, तिच्यावर तीन अक्षरं, आमच्या कुणाच्या तिकिटावर नसलेली. ताईच्या नवऱ्यानं फोनवर शोधून सांगितलं, ते भलत्याच देशातलं एक शहर होतं. निळी आमच्याविना तिथं जाऊन आली होती.

अण्णांनी तिथल्या न्हाणीघरातला वजनाचा काटा आणला आणि तिला त्यावर उभं केलं. तेवीसला थोडं कमी. खोबऱ्याच्या चार वाट्यांइतकं कमी, बाकी काही गेलं नव्हतं. ताई चेनीकडं वाकली तसं आईनं तिचा हात धरला.

"थांब. दमली आसंल ती," आई म्हणाली, आणि निळीला तिनं भिंतीकडं, पलंगाच्या उशाशी, आडवं निजवलं.